घोडा गडावर, स्वार गहाणात

पहाटेचे धुके हरणगडाच्या कमरेशी गुंडाळलेले असे, तेव्हा खालच्या वाडीतल्या माणसाला गड दिसत नसे, नुसता ऐकू येई. आधी नगारखान्यावर टिपरी पडे, मग महादरवाजाचा अडणा काढल्याचा आवाज येई, आणि मग किल्लेदार खेत्रोजी पोळ यांची खणखणीत हाक कड्यावरून खाली उतरे, "गड कोणाचा?" त्यावर बुरुजाबुरुजावरून गडकऱ्यांचे उत्तर येई, "आंबेरीकर श्रीमंतांचा!" दिवेलागणीला दरवाजा मिटतानाही हाच सवालजवाब होई. हा रिवाज थोरल्या श्रीमंतांनी घालून दिलेला होता. दूध घेऊन चढणाऱ्या गवळणी त्या हाकेवर आपली पावले मोजीत, आणि वाडीतल्या तान्ह्या पोरांना त्या हाकेचीच अंगाई होती.

त्या वर्षीच्या माघात मात्र उत्तराचा आवाज क्षीण होत चालला होता, आणि ते सर्वांत आधी ध्यानात आले ते किल्लेदारीणबाई दर्याबाईंच्या. जात्याशी बसून त्या रोज ती हाक ऐकत. हाक तीच होती. उत्तर देणारी पोटे रिकामी होती.

गडाला वेढा पडला होता, पण असा वेढा गडाने पूर्वी कधी पाहिला नव्हता. खाली राहुट्या नव्हत्या, मोर्चे नव्हते, तोफेचा एक गोळा तटावर आला नव्हता. आंबेरीत केसोपंत नाईक नावाचे एक सावकार होते. थोरले श्रीमंत वारले, पुण्याचा दरबार स्वतःलाच सावरता सावरेना, तिकडून येणारा मोहिमांचा पैसा थांबला आणि धाकटे श्रीमंत नाईकांच्या उंबऱ्याशी गेले. आधी दोन गावे गहाण पडली, मग परगणा, मग वाड्यातली भांडी आणि दागिने. राहता राहिला हरणगड. गडाखालून घाट जात होता आणि घाटाची जकात गडाच्या ताब्यात होती, म्हणून नाईकांना गड हवा होता. त्यांनी लढाई केली नाही. पंचक्रोशीतले धान्य खळ्यावरच उचलले आणि शिबंदीच्या पगाराची रक्कम वसुलातून आपल्याकडे वळती करून घेतली. सात महिने गडावर पगार आला नव्हता, आणि दीड महिना धान्याचे पोते चढले नव्हते.

धाकट्या श्रीमंतांचे हुकूम मात्र येत होते. गड नाईकांच्या हवाली करावा असे तीनदा लिहून आले आणि तिन्ही वेळा खेत्रोजींनी कागद डोक्याला लावून परत पाठवला.

"श्रीमंतांची सही आहे, धनी," सुभानजी हवालदार म्हणाला होता.

"सहीला मुजरा केला की मी. गड सहीवर दिलेला नाही, सहीवर सोडायचा नाही."

यामागे जी गोष्ट होती ती दर्याबाईंना ठाऊक होती, कारण त्या गोष्टीचा अर्धा भाग त्यांच्या देव्हाऱ्यात होता. गड हवाली करताना थोरल्या श्रीमंतांनी खेत्रोजींना विडा दिला आणि ज्या रुपेरी अडकित्त्याने सुपारी कातरली त्याची दोन पाती जोडणारी कळ स्वतःच्या हाताने काढली. तो अडकित्ता म्हणजे घोड्यावर बसलेला स्वार होता. वरच्या पात्याचा स्वार, खालच्या पात्याचा घोडा. घोडा त्यांनी खेत्रोजींच्या हाती ठेवला. "कागद खोटे होतात, पोळ. उद्या मला धरून माझ्याकडून काहीही लिहवून घेतील. मी स्वतः दारात उभा राहिलो तरी दरवाजा उघडू नका. स्वार येईल, घोड्यावर बसेल, तेव्हा गड सोडा. मग आणणारा कोणीही असो." आणि खेत्रोजींनी बेलाचे पान आणि भंडारा हातात घेऊन गडावरच्या हरणजाई देवीच्या पायाशी शपथ घेतली होती. तेव्हापासून तो घोडा देवीच्या टाकाशेजारी उभा होता. दर्याबाई रोज त्यालाही फूल वाहत.

माघ सरता सरता एके दिवशी, उन्हे चढल्यावर, गडाच्या वाटेवर एक पालखी दिसली. पुढे पांढरे निशाण, मागे दोन बैल, बैलांच्या पाठीवर थैल्या.

पालखी महादरवाजापाशी सोडून केसोपंत नाईक पायऱ्या चढून सदरेवर आले ते धापा टाकीतच. ठेंगणे, गोरे, आवाज इतका मऊ की समोरच्याला पुढे वाकून ऐकावे लागे. बसण्याआधी त्यांनी किल्लेदारांच्या गादीला नमस्कार केला.

"किल्लेदार, फार उंचावर राहता बुवा. आम्हा सपाटीच्या माणसांना हे मानवत नाही."

"म्हणून तर गड बांधतात, नाईक."

नाईक मनापासून हसले. मग त्यांनी उपरण्याच्या गाठीतून एक मखमलीची पुरचुंडी काढली आणि गादीपुढे उलगडली. आत स्वार होता. भाला तुटलेला, रुपे काळवंडलेले, पण मुंडासे तेच, मिशा त्याच.

दाराआड उभ्या असलेल्या दर्याबाईंनी चौकट घट्ट धरली.

"श्रीमंतांनी धाडला?" खेत्रोजींचा आवाज बदलला नव्हता.

"खोटं कशाला बोलू? श्रीमंतांना हे काय आहे हेही ठाऊक नाही. थोरल्यांनी मरताना सांगायचं राहिलं असेल. वाड्यातलं रुपं मोड म्हणून माझ्याकडे आलं, त्यात हा होता. आता मोडका अडकित्ता मखमलीत कोण ठेवतं? मी चौकशी केली. थोरल्यांचा एक म्हातारा खिजमतगार आहे, थंडीने काकडत होता. एका घोंगडीवर त्याने सगळं सांगितलं." नाईकांनी हात जोडले. "शपथ अशी आहे म्हणे, की आणणारा कोणीही असो."

खेत्रोजी त्या स्वाराकडे पाहत राहिले. ज्या हुकमासाठी ते इतके दिवस अडून बसले होते तो हुकूम अखेर आला होता, आणि तो देणाऱ्या श्रीमंतांना आपण काय दिले याचा पत्ताच नव्हता. तरी शपथ शपथच होती. ते दाराकडे वळले.

"देव्हाऱ्यातला घोडा आणावा."

दर्याबाई आत गेल्या. देव्हाऱ्यापुढे उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना लख्ख कळत होते की हा घोडा सदरेवर गेला आणि स्वार त्यावर बसला, की आपला धनी स्वतःच्या हाताने किल्ल्या काढून देईल, कारण हा माणूस देह सोडील पण बोल सोडणार नाही. त्यांनी घोडा उचलला, कपाळाला लावला. मग त्या सदरेकडे गेल्या नाहीत. मागच्या दाराने बाहेर पडून त्या खडकातल्या टाक्याशी गेल्या आणि पाण्यात बोटे बुडवून मूठ उघडली. पाण्यावर एक वर्तुळ उठले, काठाला लागले, विरले. देवीच्या शेजारची वस्तू बुडवली म्हणून त्यांनी तिथूनच देवीला हात जोडले.

सदरेवर येऊन त्या पदर सावरून म्हणाल्या, "घोडा सापडत नाही. हरवला."

सबंध संसारात त्या सदरेवर आल्या नव्हत्या आणि खोटे बोलल्या नव्हत्या. दोन्ही एकदमच झाले. खेत्रोजींनी त्यांच्या ओल्या बोटांकडे पाहिले आणि नजर खाली घेतली.

"जोड जुळल्याशिवाय गड देता येत नाही, नाईक," ते सावकाश म्हणाले. "शपथ अशी आहे."

दर्याबाईंच्या जिवात जीव आला. पण तो क्षणभरच.

"हरवला असेल," नाईक तितक्याच मऊपणे म्हणाले. "जुन्या वस्तू हरवतात. बाईसाहेब, मनाला लावून घेऊ नका. मला त्याची गरज नव्हती. किल्लेदारांचा आब राहावा, शपथेवर गड दिला असं चार लोकांत म्हणता यावं, म्हणून मी हा घेऊन एवढा चढून आलो." त्यांनी स्वार पुन्हा मखमलीत गुंडाळला आणि अंगणाकडे मान केली.

अंगणात बैलांच्या पाठीवरच्या थैल्या उतरल्या होत्या. नाईकांचा कारकून जाजमावर बसला होता, आणि त्याच्यापुढे गडकरी उभे होते. ढाली त्यांनी भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. कोणी कोणाकडे पाहत नव्हते.

"सुभानजी," खेत्रोजींनी हाक मारली.

हवालदार पुढे आला आणि मुजरा करून तसाच वाकलेला राहिला. "धनी, माझ्या पोरीने काल अंबाडीचं बी उकडून खाल्लं. तुमच्या घरात काय शिजतं तेही आम्हाला ठाऊक आहे. तुमच्या मुदपाकातून आठ दिवसांत धूर निघालेला नाही. तोफ आली असती तर मी छाती दिली असती. याला काय देऊ?"

खेत्रोजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझा पगार तुझाच आहे. घे जा."

मग ते गादीवरून उठले, सदरेच्या पायरीवर आले, आणि भर दुपारी, जेव्हा दरवाजा उघडायची वेळ नव्हती की मिटायची, तेव्हा त्यांनी सगळ्या श्वासानिशी हाक घातली.

"गड कोणाचा?"

हाक पलीकडच्या कड्यावर आपटून परत आली. अंगणात रुपये मोजणारे हात थांबले. माना खाली गेल्या. बुरुजांवर कोणी नव्हतेच.

"आंबेरीकर श्रीमंतांचा!"

तो आवाज बाईचा होता. दर्याबाई भरल्या सदरेत, डोईवरचा पदर ढळलेला, एकट्या उभ्या होत्या. अंगणातल्या एका म्हाताऱ्या गडकऱ्याने डोळ्यांना मुंडाशाचे टोक लावले. पण ढाल उचलायला कोणी हलले नाही.

नाईकांनी ते सारे शांतपणे ऐकून घेतले. "हा रिवाज मात्र मोडायला हवा," ते जणू स्वतःशीच म्हणाले. "मालकी रोज दोनदा विचारावी लागते, म्हणजे कागद कच्चा."

खेत्रोजींनी कमरेची तलवार सोडून गादीवर आडवी ठेवली. "नाईक, मी गड दिलेला नाही. एवढं लिहून ठेवा."

"ठेवतो," नाईक आदराने म्हणाले. "त्याने काही बिघडत नाही."

त्याच दिवशी खेत्रोजी आणि दर्याबाई गड उतरले. नाईकांनी पालखी देऊ केली होती, घाटातल्या नाक्यावर मानाची नोकरीही देऊ केली होती. वळणावर खेत्रोजी थांबले आणि मागे न पाहता म्हणाले, "घोड्याला पाणी दाखवलंत, बरं केलंत." त्यानंतर या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

पुढे ते गडाखालच्या वाडीतच दर्याबाईंच्या भावाने दिलेल्या खोपटात राहिले. हाक बंद झाली. सकाळी गवळणी अंदाजाने चढू लागल्या.

दोन वर्षांनी, नवरात्रात, धाकटे श्रीमंत हरणजाईची ओटी भरायला आले. सोबत एकच घोडा आणि एक नोकर. दरवाजावरच्या नव्या पहारेकऱ्याने नाईकांची चिठ्ठी मागितली. ती नव्हती, तेव्हा उद्या या म्हणाला. आंबेरीचा धनी आपल्या कुलस्वामिनीच्या पायथ्याशी, खेत्रोजींच्या ओसरीवर येऊन टेकला. पोरसवदाच होता. चेहरा थोरल्या श्रीमंतांचा, पण कोणीतरी पुसून घेतल्यासारखा.

दर्याबाईंनी तबकात पाने ठेवली. घरात अडकित्ता नव्हता. तो त्यांनी नंतर कधी घेतलाच नाही. जोत्याच्या दगडावर सुपारी ठेवून त्यांनी वरवंट्याने फोडली आणि तुकडे पदराने पुसून श्रीमंतांच्या हातावर ठेवले.

"काकी," तो चाचरत म्हणाला, "तो मोडका अडकित्ता म्हणजे गड होता, असं नाईक एकदा हसत म्हणाले. खरं का?"

"खरं, महाराज."

"मला वाटलं मोड आहे." तो हातातल्या सुपारीकडे पाहत राहिला. "वाड्यात अशा पुष्कळ वस्तू होत्या. कशाचा अर्थ काय, ते आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

त्याला रागे भरावे असे दर्याबाईंना फार दिवस वाटत होते. आता तो समोर होता आणि राग येत नव्हता.

दिवेलागण झाली. वर गडाचा दरवाजा मिटला; अडणा सरकल्याचा आवाज तेवढा खाली आला. खेत्रोजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांना हल्ली कमी दिसे, पण हा आवाज त्यांच्या अंगात मुरलेला होता. त्यांचे ओठ आपसूक हलले.

"गड कोणाचा?"

दर्याबाईंनी तोंड उघडले होते. पण शेजारी बसलेल्या श्रीमंतांना वाटले, म्हातारा आपल्यालाच विचारतो आहे. त्यांनी तोंडातली सुपारी गालात सारली आणि विचारलेल्याचे उत्तर द्यावे तसे साधेपणाने सांगितले,

"नाईकांचा ना?"