कठडा धरून उभी

हा प्रसंग मी गेल्या उन्हाळ्यात, आमच्या प्रयोगशाळेतल्या दुपारच्या चहाच्या वेळी, ज्यांच्यावर तो गुदरला त्या छायाचित्रकार बाईंकडूनच ऐकला. शक्यतो त्यांच्याच क्रमाने तो नोंदवतो आहे.

त्यांचा मोठा भाऊ एक रिकामं घर भाड्याने घेणार होता. बाईंनी खोलीच्या मधोमध उभं राहून चहूबाजूंचे फोटो काढले, ते जोडून फिरवून पाहता येईल असं सलग चित्र केलं आणि लवकर पोहोचावं म्हणून लहान करून त्याच्याकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी भाऊ नुकत्याच पळू लागलेल्या लेकीला, ठमीला, घेऊन ते घर पाहायला गेला. तिथूनच त्याचा फोन आला.

“अगं, भिंती काढल्यास की ढग? आणि गॅलरीत हा करडा डाग कसला? इथे तर काहीच नाही. तुझी वहिनी म्हणते, नणंदबाईंचं बोट लागलं असेल भिंगाला!”

बाईंना ते झोंबलं. संगणकाच्या पडद्यावरच्या खिडकीत चित्राचा जेवढा भाग दिसतो, त्यात त्या खिडकीइतकेच ठिपके, म्हणजे पिक्सेल, हवेत. कमी पडले की चित्र ताणलं जाऊन भुरकटतं. फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी मूळ चित्र पडद्यावरच्या खिडकीच्या मापाला बेतलं आणि उघडलं. फरशीचे सांधे उमटले, भिंतीतले खिळे उमटले. मग तो डाग उमटला.

कोणी अनोळखी बाई होती ती. पाठमोरी. गॅलरीचा लोखंडी कठडा तिने दोन्ही हातांनी गच्च धरला होता. निसटतं ओझं सावरावं तशी मागे रेलली होती. मान मात्र वळलेली... थेट खोलीत पाहणारी. फोटो काढताना त्या घरात दुसरं कोणीही नव्हतं.

छायाचित्रकार बाईंना ओल्या लोखंडाचा वास आला.

“दादा... ठमी कुठेय?”

“ठमाबाई? निघाल्या की गॅलरीकडे. का गं?”

“धर तिला... आधी धर, मग बोल.”

धावती पावलं. पोरीने पसरलेलं भोकाड. आणि लगेच, खाली अंगणात लोखंड आदळल्याचा आवाज. कठडा निखळून पडला होता, त्याला कोणी हातही लावला नव्हता.

भाऊ म्हणाला, “आहे... माझ्या कडेवर आहे.”

ठमी आता शाळेत जाते. बाई अधूनमधून ते चित्र उघडतात, तेही माप नीट जुळवून. कठडा धरणाऱ्या त्या बाईला भुरकट ठेवणं त्यांना कृतघ्नपणाचं वाटतं. “फार उपकार झाले, बाई,” एवढंच म्हणतात.

मीही ते चित्र पाहिलं आहे. त्यात कठडा जागच्या जागी आहे, पण तो कोणी धरलेला नाही. गॅलरीतली ती बाई आता खोलीकडे तोंड करून उभी आहे. तळवे उघडे, दोन्हींवर गंजाचे आडवे वळ. ते हात पूर्वी कठड्यावर होते, असं बाई शपथेवर सांगतात. तेवढं मात्र मला पडताळून पाहता आलेलं नाही.