खांबाच्या नावापुढे शून्य

पहिला डाव

"उद्याच्या संघात खांब नाही!" चिमणी धापा टाकत ओरडली. "सरांनी तिला वगळलं!"

ठोंब्याच्या हातातून चेंडूच निसटला. "का पण?"

"फळा बघ ना!"

मैदानाच्या कडेला फळा होता. कुणी बास्केट केली, की सर लगेच वळून त्याच्या नावापुढे गुण लिहायचे. तोफ नावाप्रमाणेच धडाधड बास्केट मारायचा, त्याचे गुण फळ्यावर मावत नव्हते. खांबाच्या नावापुढे शून्य.

"नुसती खांबासारखी उभी राहते!" सर एकदा म्हणाले, तेव्हापासून तिचं हेच नाव पडलं. ती हसायची. आज हसली नाही. तिच्या आईची बदली झाली होती, घरात खोकी बांधून तयार होती. उद्याचा अंतिम सामना हा तिचा इथला शेवटचा.

दुसरा डाव

"एक गंमत लक्षात आली?" चिमणी म्हणाली. "काल खांबाला बसवलं, तर तोफेला एकही बास्केट जमली नाही!"

"पोट बिघडलं असेल त्याचं."

"गप रे! खांब, तू नक्की करतेस काय?"

"काही नाही गं. तोफेच्या मागे कुणी धावलं, की मी आधीच त्याच्या वाटेत जाऊन उभी राहते. तो मला धडकतो, तोफ मोकळा सुटतो."

"आणि सर?"

"सर तेव्हा चेंडूकडे बघतात. मग फळ्याकडे."

टाइमआउट

उन्हाळ्याच्या त्या सुट्टीत मैदान इतकं तापायचं, की बुटांच्या रबराचा वास यायचा. मग सगळे नळाला तोंड लावायचे आणि पहिला नंबर कुणाचा, यावर भांडायचे. पाणी कोमटच असायचं. तसं पाणी पुढे कुणालाच कुठे मिळालं नाही.

तिसरा डाव

"सर, सरावात एकच डाव खांबाला घ्या! आम्ही सगळं मैदान झाडू!" ठोंब्याने गळ घातली.

"सगळं?" सरांना मोह झाला. "बरं, घ्या!"

तोवर चिमणीने निळ्या खडूंचा चुरा करून खांबाच्या बनियनला चोळून ठेवला होता.

डाव संपला. सर फळ्यावरून वळले आणि बघतच राहिले. समोरच्या संघात कुणाचा खांदा निळा, कुणाचं कोपर! एकाचं तर नाकच!

"हे काय? रंगकाम काढलंय का?"

"सर, जो निळा, तो खांबाला धडकलेला!" चिमणी म्हणाली. "तो धडकला, म्हणून तोफ सुटला!"

तोफेने मान खाली घातली. "खरंय, सर. मला वाटायचं, मीच फार वेगात पळतो."

सरांनी फळ्याकडे पाहिलं. मग त्यांनी खडू खाली ठेवला. "पुन्हा खेळा. या वेळी मी फळ्याकडे पाठ करतो."

शेवटचा डाव

अंतिम सामना. एका गुणाने मागे! शेवटचे क्षण! खांब पाय रोवून उभी राहिली. समोरचा धिप्पाड गडी तिच्यावर आदळला, ती हलली नाही. तोफ मोकळा! चेंडू जाळीत!

सगळे तोफेकडे धावले. तोफ खांबाकडे धावला.

"शाब्बास, पोरांनो!" सर म्हणाले. "मला दिसलं नाही, ते तुम्ही दाखवलंत!" त्यांनी खडू उचलला आणि ते अडले. "बास्केटचे दोन. पण खांबाचे किती लिहू?"

"एक!"

"दोन!"

"माझ्यातले अर्धे द्या!" तोफ ओरडला.

"मग चेंडू कुणी दिला? त्याचं काय?"

झालं! जोरदार भांडण जुंपलं. सरही त्यात होते. अंधार पडला, घराघरांतून हाका आल्या, तरी कुणी ते मिटू दिलं नाही. मिटलं असतं, तर घरी जावं लागलं असतं.