टॅबलेट समोरच्या दुकानात मिळेल

“या टॅबलेटांतला मोकळा कुठला आणि बंद कुठला?” तिनं विचारलं.

“बंद पडलेले मागच्या खोलीत आहेत,” काउंटरमागचा तरुण गंभीरपणे म्हणाला. “विकत नाही आम्ही.”

ओळख झाली ती अशी.

ती पाट्यांची अक्षरं काढायची. निम्मा बाजार तिच्या अक्षरांत बोलतो, हे ती कुणी न विचारताही सांगायची. आजवर भावाच्या टॅबलेटवर भागत होतं. त्यानं खास तिच्या हातासाठी एक ॲप लिहिलं होतं. बोट जरा रुसलं की रेघही रुसायची. आता भाऊ नोकरीला परगावी निघाला होता, टॅबलेटसकट.

तरुणानं समजावून सांगितलं. बंद म्हणजे कंपनीनं मंजूर केलेलीच ॲप चालणार. देखणा, सुरक्षित, पेन लोण्यावरून फिरल्यासारखं. मोकळ्यात कुणाचंही ॲप घाला, मात्र बरंवाईट आपल्या कपाळी. हे दुकान फक्त बंदवाल्यांचं.

“विचार करून सांगते,” ती म्हणाली, आणि विचार करायला आठवडाभर रोज तिथेच गेली. घरी विचार नीट होत नव्हता. भावाच्या ॲपचा विषय तिनं काढलाच नाही. काढला असता तर प्रश्न मिटला असता, आणि मिटलेल्या प्रश्नासाठी रोज दुकानात कोण येतं?

तोही काही कमी नव्हता. पेन दाखवताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागायचं... आणि तो पेनाचीच माफी मागायचा.

एका संध्याकाळी तो सहज म्हणाला, “शाळेच्या पाटीवरचा तो ‘ळ’ कुणाचा आहे हो? कान देऊन ऐकत बसल्यासारखा दिसतो.”

झालं. आजवर तिच्या अक्षरांना लोक ‘छान’ म्हणत. ‘ळ’कडे कुणी पाहिलं नव्हतं. तिची मान ताठ झाली, आणि ताठ मानेनं घात केला.

“माझा. भावाच्या ॲपवर काढलाय. त्याशिवाय तो वळतच नाही.”

त्यानं टॅबलेट पुसून कपाटात ठेवला.

“मग आमचा तुमच्या कामाचा नाही. समोरच्या दुकानात मोकळा मिळेल.”

“घालवून देताय?”

“चुकीची वस्तू मी आजवर कुणाच्या गळ्यात मारलेली नाही.” त्यानं कपाट लावलं. “आणि गिऱ्हाईक म्हणून... तुम्ही मला तशाही नकोच आहात.”

“मग कशी हवी?”

एरवी पेनावर तासभर बोलणाऱ्या माणसाचे नुसते कान लाल झाले. “चला, मी येतो सोबत,” एवढंच तो पुटपुटला.

गल्ल्यावरच्या मामांनी चष्म्यावरून पाहिलं. भाचा आपल्या दुकानाचा शर्ट घालून समोरच्याला गिऱ्हाईक पोचवायला निघाला होता.

समोरचा विक्रेता उत्साहानं सुरू झाला, “मॅडम, मोकळा प्लॅटफॉर्म म्हणजे—”

“ठाऊक आहे,” ती ऐटीत म्हणाली. “आमच्या ह्यांनी सगळं समजावलंय.”

शब्द सुटला. ‘ह्यांनी’ डोळे मोठे करून तिच्याकडे पाहिलं. तिच्या गालांवर ऊन चढलं, पण काढलेली रेघ खोडायची तिला सवय नव्हती.

“बघताय काय?” ती म्हणाली. “पेन निवडा.”

त्यानं निवडलं. या खेपेला बोटाला बोट लागलं, तेव्हा त्यानं कुणाचीच माफी मागितली नाही.