राखेखालची धग

चिंचेची लाकडं फोडायला इन सकाळीच नदीकाठी गेला होता. सयामातल्या त्या गावात ओली बाळंतीण शेकोटीलगत फळीवर निजायची, आणि आग राखायची ती नवऱ्यानं. चेमला मुलगी झाल्यापासून त्याला दुसरं काम नव्हतं.

दुपारी मोळी घेऊन आला, तर सुईण फुआंग आजी चेमच्या कपाळाला हात लावून बसलेली.

"काय रे, इतका वेळ लाकडं फोडत होतास की भाताचे मुटके वळत होतास?"

"आजी, थंडी वाजतेय…" चेम पुटपुटली.

"वाजू दे. अंग बघ कसं तापलंय! आग आत उतरली, पोरी."

इन घुटमळला. सरकारी डॉक्टरांची बोट देवळाच्या धक्क्याला लागलेली होती. बाळंतीण तापली तर लगेच बोलवा, असं ते सांगून गेले होते.

"बोलवू का त्यांना?"

"खुळा की काय! शेकोटीशेजारची बाई तापणार नाही तर गारठणार? तापावी म्हणून तर आग!"

इनही हसला. थोड्या वेळानं बोटीचा भोंगा वाजला, लांब गेला, विरला. आजी घरी गेली.

दिवस कलला तसा तो आग सारायला वाकला. राखेखाली निखारे असतील म्हणून काडी खुपसली. मग बोटं घातली. राख गार होती, नदीतल्या गाळासारखी. धूर नव्हता, आणि धुरानं झाकलेला वास आता उघडा पडला होता… आंबूस, कुजका.

फळीकडून मात्र झळ येत होती.

"चेम… आग कधी विझली गं?"

"सकाळी तू गेलास तेव्हाच…"

"मग हाक नाही मारलीस कुणाला?"

"कशाला? ती होती ना… लाकडं सारत."

"आजी?"

"आजी नाही रे. माझ्यासारखीच होती… माझंच लुगडं नेसलेली."

इन धक्क्याकडं धावला. तिथं नुसतं पाणी होतं. तिला डॉक्टरांकडं न्यायला दुसरी होडी मिळवून तो परतला, तेव्हा चेम निवली होती.

शेकोटी नदीत ओतली, फळीही सोडून दिली. अशा मरणाच्या घरात कुणी थांबेना. आजी तेवढी थांबली. तिनं पोरीला कोपऱ्यात निजवलं आणि स्वतःच्या हातांकडं बघत बसली.

पहाटे पोर खुदकन हसली. इननं वाकून पाहिलं. तिचा एकच गाल लालबुंद झाला होता, घामेजला होता. त्या अंगाला रिकामी जमीन होती.

त्यानं मधे हात धरला.

आणि चटकन मागं घेतला.