कडेच्या आतली चार अक्षरं

माझ्या मैत्रिणीची, सोरीनची टोपी एका परक्या मुलाच्या डोक्यावर दिसली तेव्हा मला आधी रागच आला. आमच्या छुनछॉन शहरातल्या बसथांब्यावर बर्फाळ पाऊस भुरभुरत होता, आणि मी सोरीनच्या डोक्याचं माप घेऊन, तिच्या वाढदिवसासाठी विणलेली टोपी हा बुवा कानांपर्यंत ताणून मजेत उभा होता.

"ही टोपी कुणाची?" मी विचारलं.

"सोरीनने दिली. माझे लाल कान बघून दया आली तिला. तू कोण, टोप्यांची पोलीस?"

"मी विणलीय ती. आणि तुझ्या डोक्याने तिची पार वाट लावलीय."

"मग माझ्या मापाची विण ना…" तो म्हणाला, आणि असा हसला की माझी बस निघून गेली.

त्याचं नाव थेओ. मावशीच्या लोकरीच्या दुकानात मी खिडकीशी बसून फक्त मित्रमैत्रिणींसाठी टोप्या विणायची. टेपने नीट माप घेऊन, ज्याला जशी हवी तशी. माझं माप चुकत नाही, असा मला भारी तोरा होता. पुढच्याच मंगळवारी थेओ दुकानात हजर. मी टेप त्याच्या दाट, ओल्या केसांभोवती फिरवला. अठ्ठावन्न.

"मोठं आहे का?"

"मोठं आहे. आत काही आहे की नाही, ते बाहेरून कळत नाही."

मग दर मंगळवारी तो भाजलेली रताळी घेऊन यायचा आणि टोपीत खोट काढायचा. कधी विण घट्ट, कधी रंग उदास. मी उसवायची, पुन्हा क्रोशाची सुई हातात घ्यायची. खरं सांगायचं तर काही ओळी मीच मुद्दाम चुकवल्या. टोपी पुरी झाली की तो येईल कशाला?

पण फेब्रुवारीत त्याला सैन्यात जायचं होतं. दीड वर्षासाठी, इथल्या प्रत्येक मुलाला जावं लागतं तसं.

"वाट बघशील?" रताळं सोलता सोलता, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं.

माझ्या तोंडातून निघालं ते भलतंच. "सहा टोप्या पडल्यात विणायच्या. वाट बघायला वेळ कुणाला आहे?"

तो हसला. मीही हसले. इतकी मूर्ख मी जन्मात कधी झाले नव्हते.

बोलायला जमलं नाही म्हणून मग मी लिहिलं. टोपीच्या कडेला आतून, पिवळ्या लोकरीने, साखळीटाक्यात – थांबेन मी.

जायच्या आदल्या दिवशी दुपारच्या जेवणाला त्याच्या घरचे आणि आम्ही मित्रमैत्रिणी जमलो. थेओ न्हाव्याकडून डोकं भादरून आला होता. मी टोपी दिली, त्याने घातली, आणि ती सरळ नाकापर्यंत घसरली. मी केसांसकट माप घेतलं होतं! सैन्यात जाणाऱ्याचे केस उतरतात हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"टोपी आहे की पातेलं?" सोरीन म्हणाली. सगळे हसले. त्याच्या आईने मात्र पर्समधून सुईदोरा काढला, कड आत दुमडली आणि गोल पक्की शिवून टाकली. माझी अक्षरं घडीत गेली.

"छावणीच्या गेटच्या आत जाण्याआधी ती कड उसवून बघ," निघताना मी त्याला हळूच म्हणाले. तो "बरं" म्हणाला.

त्यानंतर त्याची एक ओळही आली नाही. सोरीन म्हणायची, तूच लिही ना. काय लिहू? माझं सांगून झालं होतं. त्याने ते वाचलं, आणि उत्तर द्यावं असं त्याला वाटलं नाही, एवढाच अर्थ मला लागत होता. रोज पत्रपेटी उघडायची आणि रिकामी बंद करायची. त्या दीड वर्षात मी एकही टोपी विणली नाही. हातच चालेना.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तो सैन्यातून सुटला, आणि नोव्हेंबरात दुकानात आला. केस पूर्वीसारखे दाट. हातात तीच टोपी.

"पहिल्याच दिवशी घरचे कपडे, ही टोपीसुद्धा, खोक्यात भरून घरी पाठवतात ना," तो म्हणाला, "आईला ते खोकं उघडवेचना. मी परत आल्यावर उघडलं."

"कड उसवली होतीस?"

"बसमध्ये आई शेजारी बसली होती. तिने शिवलेलं तिच्यासमोर कसं उसवू?" मग जरा थांबून म्हणाला, "तुझं पत्र येईल म्हणून कितीतरी महिने वाट बघायचो. मग म्हटलं… वेळ नाही, हे तू सांगितलंच होतंस."

मी स्टुलावर बसले.

"एक काम होतं. कॉलेजात एक मुलगी आहे, युन्जे. माझी… म्हणजे, आम्ही बरोबर असतो. ही उसवून तिच्या मापाची करशील? इतकी छान लोकर वाया जाते."

मी टोपी माझ्याकडे वळवून त्याच्या आईचे टाके कापले. पिवळी अक्षरं आत तशीच होती, कोरी करकरीत.

"काय आहे ते?" तो वाकला.

"खूण. कुठून उसवायचं त्याची."

शेवटची गाठ सोडून मी दोरा ओढला. साखळीटाका उलटा सुटतो. आधी 'मी' गेलं, मग बाकीचं. नंतर टोपीच्या लोकरीचं टोक मी त्याच्या हातात दिलं, आणि तो मन लावून गुंडा करू लागला.

"तिचं माप?" मी विचारलं.

"चौपन्न. केसांसकट."

मी लिहून घेतलं. खरं तर लिहायची गरज नव्हती. मी मापं विसरत नाही. त्याचं अठ्ठावन्न होतं.