निओ लिमानीची कलती बोट

"लिंबू पकड! अगं, लिंबू!" राधिका ओरडली.

पण लिंबू कसलं थांबतंय! ते टेबलावरून टुण्णकन खाली पडलं आणि घरंगळत बोटीच्या डाव्या भिंतीला जाऊन टेकलं. त्याच्यामागे दुसरं. मग साखरेचा डबाही निघाला लगबगीनं, जणू पलीकडे लग्नाची पंगत बसली होती!

"हे काय चाललंय?" सरबत करायला बसलेली केया वैतागली. "बंदरात एक लाट नाही. मग सगळं डावीकडेच का पळतंय?"

"कारण सरबत तू करतेयस. लिंबांनासुद्धा जिवाची भीती असते, यार!" ईशान म्हणाला आणि राधिका खो खो हसली.

केया हसली नाही. मघाशी तिनं पाण्याचा ग्लास ठेवला होता. त्यातलं पाणी आता एका काठाला लागलं होतं आणि दुसऱ्या काठाला चांगलं बोटभर खाली होतं.

वसंताच्या सुट्टीत मिशिगन सरोवराजवळच्या नेपरव्हिलच्या बर्फातून पळून दोन कुटुंबं फ्लोरिडात आली होती. ईशान आणि राधिकाच्या बाबांनी, म्हणजे प्रसादकाकांनी, आठवड्यासाठी शिडाची बोट भाड्यानं घेतली होती. आज सकाळी ते निओ लिमानीच्या बंदरात शिरले. गाव एवढंसं. फार पूर्वी ग्रीसहून स्पंज काढणारे पाणबुडे इथे आले आणि इथलेच झाले. निळी दारं, पांढऱ्या भिंती, दोरीवर माळा करून वाळत घातलेले स्पंज, बेकरीतून येणारा तिळाच्या पावाचा वास आणि टेकाडावर चर्चची घंटा!

प्रसादकाकांनी बोट दगडी धक्क्याला आडवी लावली. दोन दोर असे करकचून आवळले की बोट भिंतीला चिकटलीच. "बघा! देवळातल्या खांबासारखी उभी केली! आता ही तसूभर हलणार नाही. आणि ऐका, माझ्या दोरांना कुणी हात लावायचा नाही!" एवढं बजावून ते, प्रतिमाकाकू आणि केयाची आई आसावरी जेवायला गावात गेले होते.

मागच्या खोलीत केयाचे आजोबा झोपले होते. गुरुनाथबुवा अमरावतीचे कीर्तनकार. काल टँपाच्या मराठी मंडळात त्यांचं कीर्तन असं रंगलं की जीन्स घातलेली पोरंसुद्धा टाळ्यांचा ठेका सोडेनात. पण गुडघ्याचं ऑपरेशन ताजं होतं. काठीशिवाय पाऊल उचलत नव्हतं.

"मी वर जाऊन बघते," केया म्हणाली.

ती वर गेली आणि चमकली. उभं राहायलाच हात धरावा लागत होता! बोट धक्क्यापासून बाहेर, पाण्याकडे कलली होती. दोन्ही दोर तानपुऱ्याच्या तारेसारखे ताणले होते आणि त्यांतून बारीक कुरकुर ऐकू येत होती.

"ईशान, इकडे ये! ते बघ, शेजारच्या बोटींचे दोर. सगळे ढिले. झोक्यासारखे लोंबताहेत. आपलेच का असे?"

"कारण बाबा बेस्ट नॉट मारतात," ईशान म्हणाला. पण त्याच्या आवाजातली मस्ती उडाली होती. "वेट. हे एवढं टाइट नव्हतं."

तेवढ्यात खालून धाडकन आवाज आला. पाठोपाठ नळ फुटल्यासारखा खळखळाट, आणि आजोबांची हाक: "केया! अगं पोरी, पाणी येऊन राह्यलं!"

तिघं जिन्यावरून घसरतच खाली आली. मागच्या खोलीच्या दाराखालून पाण्याचा पट्टा सरपटत बाहेर येत होता. केयानं मूठ फिरवली. ईशाननं खांदा लावला. दार हलेना! बोट पिळवटली होती आणि चौकटीनं दार चिमट्यासारखं धरून ठेवलं होतं.

"आजोबा, पाणी कुठून येतंय?"

"डावीकडची खिडकी! वाऱ्यासाठी उघडी ठेवली होती, ती पाण्याखाली गेली बघ. झडप लावतो आहे, पण लोट काही मिटू देत नाही."

छताला एक झरोका होता. पण त्यातून मांजरही मुश्किलीनं निघालं असतं.

"बाबांना फोन लाव!" ईशान ओरडला. राधिकानं लावला. टेबलाखाली काहीतरी वाजायला लागलं. काकांचा फोन तिथेच चार्जिंगला होता! केयाच्या आईनं उचलला नाही. काकूंनीही नाही. मग राधिकानं तातडीच्या मदतीचा नऊ-एक-एक लावला आणि रडवेल्या आवाजात, पण न चुकता, सगळं सांगितलं.

"माणसं निघालीत," ती म्हणाली. "पण ते म्हणतात, आधी तुम्ही सगळे बोटीबाहेर पडा!"

"सगळे?" केयानं दाराला पाठ लावली. "आजोबा आत आहेत. मी नाही जाणार."

"केयाबाई," आतून आवाज आला, "हट्ट करायची ही वेळ नाही. वर जा बरं."

"नाही!"

"बरं, मग ऐक. मी आत नाम घेतो. जोवर आवाज येतो आहे, तोवर तुझा म्हातारा ठणठणीत आहे, असं समज. तू डोकं चालव. कीर्तनकाराच्या नातीचं डोकं आहे ते, पाण्यानं विझत नसते!"

आणि खरंच, बंद दाराआडून आजोबांचा खडा आवाज सुरू झाला: "विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल..." मधेच टाळी. पाण्यात मारलेली, चपचपीत.

राधिका मोठ्यांना आणायला गावाकडे धावली. ईशाननं पंप सुरू केला, पण पंप चमचा आणि पाणी घागर! केयाच्या घोट्यांपर्यंत थंडगार पाणी आलं. बोट आणखी कलली. कपाटं उघडली, ताटल्या कोसळल्या.

"बोट फुटलीय," ईशान म्हणाला. "ती बुडतेय, केया. आपण काही करू शकत नाही."

केया रडायच्या बेतात होती. पण एक गोष्ट तिला टोचत होती. बोट बुडत असेल, तर आधी आत पाणी भरलं पाहिजे. मग पाणी येण्याआधीच दोर का ताणले होते?

ती धक्क्यावर चढली आणि पालथी पडून भिंत बघू लागली. पाण्याच्या वरची भिंत ओली होती. काळपट, शेवाळलेली, तिच्या हातभर उंचीची ओली भिंत! त्यावर चिकटलेल्या शिंपल्या अजून ठिबकत होत्या. सकाळी बोट धक्क्याला लावली तेव्हा तिथे पाणी होतं. शिंपल्या दिसतही नव्हत्या.

"ईशान! बोट नाही खाली गेली! पाणी खाली गेलंय!"

"व्हॉट?"

"ओहोटी! समुद्र उतरलाय आणि आपली बोट दोरांना टांगलीय! धक्क्याकडची बाजू दोरांनी धरून ठेवलीय, म्हणून दुसरी बाजू कलतेय. म्हणून खिडकी पाण्यात गेलीय!"

ईशाननं शेजारच्या बोटींकडे पाहिलं. त्या आपल्या ढिल्या दोरांसकट पाण्याबरोबर निवांत खाली उतरल्या होत्या.

"ओ माय गॉड," तो पुटपुटला. "आमच्या लेकमध्ये असं होतच नाही! दोर सोडायला हवेत!"

दोघांनी मागच्या दोराच्या गाठीला नखं लावली. गाठ दगड झाली होती. ईशान खाली गेला आणि पाव कापायची लांब दातेरी सुरी घेऊन आला.

त्याच क्षणी धापा टाकत प्रसादकाका आले. गळ्यात हॉटेलचा रुमाल तसाच! मागे काकू, आई आणि राधिका.

"थांबा! काय करताय!" काका गरजले. "ती बुडतेय, दिसत नाही? दोर आहेत म्हणून टिकलीय! अजून एक दोर हवा, घट्ट बांधू!"

"काका, नका! ओहोटी लागलीय, ती टांगलीय..."

"केया, मी पंधरा वर्षं बोट चालवतोय! बाजूला हो!"

"बाबा कुठे आहेत?" केयाची आई ओरडली आणि आजोबांच्या खोलीकडे खाली धावली. पाठोपाठ काकूही. दारावर चार हात धपाधप आपटू लागले. आतलं नाम आता तुटक येत होतं. "विठ्ठल..." मग खोकला. मग बराच वेळ काहीच नाही. मग फार क्षीण, "विठ्ठल."

कसं समजावू? वेळ कुठे आहे? तिनं ईशानकडे पाहिलं. ईशाननं वडिलांकडे पाहिलं आणि तो मोठ्यानं म्हणाला, "बाबा! जाड दोर पुढच्या पेटीत आहे! एकदम तळाशी!"

काका बोटीच्या टोकाकडे पळाले आणि पेटीत कमरेपर्यंत घुसले.

"काप," ईशान कुजबुजला. "दोराच्या रेषेत उभी राहू नकोस. तुटला की चाबकासारखा येईल."

केया बाजूला गुडघ्यांवर बसली. सुरी दोरावर ठेवली आणि तिचा हात थांबला. माझं चुकत असेल तर? खरंच बुडत असेल तर? मग हा दोर म्हणजे आजोबांचा शेवटचा आधार, आणि तो मी कापणार!

आतून आवाज आला नाही. ती कान देऊन बसली, तरी नाही.

"देवा," ती म्हणाली, "शिंपल्या खोटं बोलत नसतील ना रे?" आणि तिनं सुरी ओढली.

एक पेड तुटला. दुसरा. दोर किंचाळला, आणि फाडकन! तो सणसणत धक्क्यावरून गेला. बोटीची मागची बाजू धप्पकन खाली आदळली, पाणी कारंज्यासारखं उडालं, आणि ती बाजू डुलत डुलत सरळ व्हायला लागली!

"कुणी कापला?" काका पेटीतून डोकं काढत ओरडले. मग त्यांनी पायाखाली पाहिलं. मागून सावरलेली बोट, पुढे अजून टांगलेली. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी केयाच्या हातातून सुरी घेतली आणि पुढचा दोर स्वतः कापला.

बोट पाण्यावर सपाट बसली. खळखळाट थांबला. पिळलेली चौकट सुटली आणि आई-काकूंच्या धक्क्यासरशी दार उघडलं!

आजोबा बिछान्यावर उभे होते. छातीपर्यंत भिजलेले, दोन्ही हातांनी छताचा झरोका धरून, नाक त्या झरोक्याशी लावून. ओठ हलत होते. आवाज मात्र संपला होता.

"आजोबा!" केया त्या थंड पाण्यात धडपडत गेली आणि त्यांच्या कमरेला जी बिलगली, ती सोडेचना.

मदतीची माणसं आली तेव्हा आजोबा धक्क्यावर कांबळं पांघरून बसले होते. बेकरीवाल्या आजीबाईंनी गरम दूध आणलं होतं आणि ग्रीक भाषेत त्या प्रसादकाकांना बरंच काही सुनावत होत्या. शब्द कुणाला कळला नाही, अर्थ सगळ्यांना कळला!

काका मान खाली घालून उभे होते. "माझा जन्म नागपूरचा, बोट शिकलो मिशिगन सरोवरात," ते म्हणाले. "ओहोटी दोन्हीकडे नाही. पण इथे येताना विचारायला हवं होतं. आणि ही पोर ओरडून सांगत होती तेव्हा ऐकायला हवं होतं. बुवा, मला माफ करा. केया, तूही."

"आणि मी, बाबा?" ईशान हळूच म्हणाला. "मी खोटं सांगितलं. दोर पेटीत नव्हताच."

"ठाऊक आहे," काका म्हणाले. त्यांनी त्याला जवळ ओढलं. "आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या थापेचा अभिमान वाटतोय, गाढवा!"

बचाव पथकाच्या प्रमुख बाईंनी कापलेला दोर पाहिला, ओली भिंत पाहिली आणि तिन्ही मुलांशी एकेक करून हात मिळवला. राधिकाला त्या म्हणाल्या, "इतका नीट फोन मोठी माणसंसुद्धा करत नाहीत."

केया आजोबांना चिकटून बसली होती. "आजोबा," ती अखेर म्हणाली, "शेवटी तुमचा आवाज थांबला. मला वाटलं, देवानं ऐकलंच नाही."

आजोबांनी दुधाचा घोट घेतला. घसा पार बसला होता, तरी कीर्तनातला तो मिश्कील सूर गेला नव्हता.

"ऐकलं ना! मी आत बसून त्याला हाका मारत होतो, ये बाबा, ये बाबा. त्याला उत्तर द्यायला सवड कुठली? तो बाहेर गुडघ्यांवर बसून पावाच्या सुरीनं दोर कापून राह्यला होता!"