पिसांचा हात

लाल खडकाचा एक ठोकळा पूर येण्याआधी घळीतून वर काढायचा, एवढ्याच कामासाठी तिघेजण त्या ओसाड मुलखात आले होते. मागच्या पुराने घळीचा काठ कापून नेला होता आणि त्या कापात एका लहान डायनासोरचा सांगाडा उघडा पडला होता. पुढचा पूर तो घेऊन जाणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

तिघांपैकी मावशी जीवाश्मांची अभ्यासक. भाचा पूल बांधणारा अभियंता. रजा टाकून मदतीला आलेला. तिसरा जीपचालक. जीप होडीसारखी डुलवत हाकतो म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणत. तो काठावर जीपपाशी थांबला होता. जीपच्या पुढे बसवलेल्या, ओझे ओढायच्या रहाटाचा दोर घळीत सोडलेला होता आणि त्याच्या टोकाला फळ्यांची घसरगाडी बांधलेली होती.

प्राणी जेमतेम कुत्र्याएवढा. मावशीचा जीव अडकला होता तो त्याच्या हाताच्या हाडात. त्या हाडावर बारीक उंचवट्यांची सरळ ओळ होती. पक्ष्यांच्या हाडांवर असेच उंचवटे असतात. मोठी पिसे तिथे रोवलेली असतात. पण हा हात इतका आखूड होता की त्याच्या बळावर उडणे अशक्य, आणि इतक्या जुन्या थरात अशी खूण आजवर कुणाला मिळाली नव्हती. मावशी आयुष्यभर जे सांगत आली आणि ज्याला सहकारी सभ्यपणे हसत आले, त्याचा पुरावा समोर पडला होता.

"उडायचंच नव्हतं तर पिसं कशाला? मिरवायला?" भाच्याने घमेल्यात प्लॅस्टर कालवत विचारले.

"मिरवायला, नाहीतर अंड्यांवर पांघरायला. उडणं फार नंतरचं."

"म्हणजे आधी सामान जमलं, मग प्रवास ठरला."

"तू पूल ठरल्यावर सिमेंट मागवतोस. निसर्गाचं तसं नसतं, बाबा."

भोवतीचा खडक कोरून काढल्यावर सांगाड्याचा ठोकळा आता भूछत्रासारखा एका देठावर उभा होता. पद्धत ठरलेली: हाडांवर ओला कागद पसरायचा, म्हणजे प्लॅस्टर हाडांना चिकटत नाही, मग प्लॅस्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळायच्या. वरची बाजू कडक झाली की देठ तोडून ठोकळा पालटायचा आणि खालची बाजू झाकायची. मावशीने कागद पसरला. मग राहवेना म्हणून त्या हाताच्या हाडावरचा कागदाचा तुकडा उचलून तिने ती ओळ शेवटचे एकदा डोळे भरून पाहिली.

तेवढ्यात वरून कप्तान ओरडला. "बाई, डोंगराकडं सगळं काळं झालंय. हात चालवा!"

तिने घाईघाईने पट्ट्या चढवल्या.

"कागद लावलास ना सगळीकडे?" भाच्याने विचारले.

"तू मला शिकवणार?"

प्लॅस्टर कडक झाले, देठ तुटला. दोघांनी पहारी घातल्या आणि ठोकळा उभा केला. पण पायाखालची भुसभुशीत माती अचानक खचली. ठोकळा कलला, घसरला आणि भाच्याच्या नडगीवर आदळला!

तो पांढराफटक पडला. मावशीने पहारीवर अंगाचा सगळा भार टाकून ठोकळा बाजूला ढकलला. पाय गुडघ्याखाली नको तिथे वाकला होता. प्लॅस्टरची एक कड फुटून कौलासारखी बाजूला पडली होती. आणि घळीच्या वरच्या अंगाने एक खोल घरघर ऐकू येऊ लागली होती.

"पाणी निघालं!" कप्तानाचा आवाज फाटला. "एकच खेप होईल, बाई. काय चढवायचं ते सांगा."

मावशीची नजर ठोकळ्याकडे गेली. अगदी क्षणभरच, पण भाच्याने ती पाहिली.

"मावशी, तो चढव. मी दोराला धरून येतो."

"कोणत्या पायाने येणार? मेल्या, गप्प पड."

त्याला तसाच चढवला असता तर खडकांवर आपटून पायाचा चेंदामेंदा झाला असता. तिने ते फुटके कौल पायाखाली आधाराला घेतले, मधे आपला कोट दुमडून घातला आणि खालच्या बाजूसाठी राखलेले सगळे प्लॅस्टर त्या पायावर संपवले. भाच्याला गाडीवर बांधले आणि दोर हलवला.

गाडी चढू लागली. मावशी खालून रेटत होती. अर्ध्या वाटेवर फळी एका कपारीत अडकली. दोर ताणला, करकरला. पाणी आले! लाल, जाड, झाडांची खोडे घेऊन आले. ते तिच्या घोट्यांना लागले, मग कमरेला. तिने फळीखाली खांदा घातला. "खेच!" ती ओरडली. "खेच रे!" फळी सुटली. भाच्याने हात मागे टाकून तिचे मनगट पकडले आणि ते काठावर येईपर्यंत सोडले नाही.

वर येऊन तिने वळून पाहिले. पांढरा ठोकळा पाण्यात एकदाच दिसला, गरकन फिरला आणि बुडाला. परतीच्या वाटेवर कप्तानाने पाण्याची बाटली पुढे केली. ती तिने नुसती मांडीवर धरून ठेवली.

रुग्णालयात डॉक्टरांनी ते बोजड प्लॅस्टर कापले, कोट बाजूला केला आणि ते कौल ताटलीत ठेवले. "याला चिखलाबरोबर काहीतरी चिकटलंय. हाड दिसतं. पण पेशंटचं नाही."

मावशीने कौल हातात घेतले. ओल्या बोळ्याने चिखल पुसला. आखूड हात, तीन नखे आणि त्या बारीक उंचवट्यांची ओळ, सलग. त्या एकाच जागी तिने कागद परत ठेवला नव्हता. प्लॅस्टरने हाड धरून ठेवले होते.

"बाकीचं?" भाच्याने खाटेवरून विचारले.

"गेलं. लोक म्हणतील, नुसता हात कुणाचा कशावरून?" तिने कौल दिव्याकडे धरले. "म्हणू देत. उत्तर त्यांनाही शोधावं लागेल आता."

तिने कौल उशाशी ठेवले आणि भाच्याच्या केसांवरून हात फिरवला.

"मावशी," तो डोळे मिटून म्हणाला, "पुढच्या वेळी कागद लावलास का, असं नाही विचारणार मी."